कोयना खोऱ्याचे स्थलनिर्देशक नकाशे

महाबळेश्वरापासून हेळवाकपर्यंत दक्षिणेकडे वाहणारी कोयना आणि तिच्या पश्चिमेची सह्याद्रीची मुख्य धार, या जंगलपट्ट्याची (जि. सातारा) मोजणी व आलेखन. स्थलनिर्देशक नकाशा म्हणजे डोंगर, नद्या, गावे व जमिनीचा चढउतार ठरावीक प्रमाणात दाखवणारा नकाशा.

आरंभ कोठून धरायचा याविषयी एकमत नाही. पेशवाईतील मोडी नकाशांत गड, नद्या, घाटवाटा चित्रासारख्या दाखवलेल्या असतात. प्रमाण नसल्याने त्यांना स्थलनिर्देशक म्हणता येत नाही. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रज सेनानी जनरल प्रिट्झलरच्या फौजेने शेजारच्या जुन्या वासोटा डोंगरावर तोफा चढवून या धारेवरचा वासोटा किल्ला घेतला. अशा मोहिमांतील वाटांच्या कच्च्या आराखड्यांपासून काही जण आरंभ मानतात. मात्र त्रिकोणमितीय सर्वेक्षण (त्रिकोणांचे जाळे विणून केलेली मोजणी) हीच खरी सुरुवात धरणे अधिक योग्य. भारतातील अशा मोजणीचे ‘ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नावही १८१८ चेच. या धारेवरील शिखरे त्याच्या जाळ्यात बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आली असावीत.

पायारेषा (जमिनीवर अचूक मोजलेली आधाररेषा) मोजून थिओडोलाइट या कोनमापक यंत्राने शिखरांचे कोन घ्यायचे आणि मधला तपशील प्लेनटेबलवर, म्हणजे जागेवरच नकाशा काढायच्या फळ्यावर भरायचा, अशी पद्धत होती. पावसाळ्याचे चार महिने काम बंद. दाट झाडीत दूरची खूण दिसत नाही, म्हणून उघडे सडे (सपाट खडकाळ माथे) आणि कड्यांच्या कडा याच मोजणीदाराच्या सोयीच्या जागा. जुन्या नकाशांत डोंगर उताराच्या दिशेने ओढलेल्या बारीक रेघांनी दाखवत. त्यावरून उंची वाचता येत नसे. १९०५ नंतरच्या रंगीत, मैलाला एक इंच प्रमाणाच्या मालिकेत समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) रूढ झाल्या. वासोटा ४७ जी/१० या क्रमांकाच्या पत्रकात (नकाशाच्या एका तुकड्यात) येतो. पंधरा मिनिटे अक्षांश-रेखांशांच्या या चौकटीत दक्षिणोत्तर सुमारे २७.७ किमी मुलूख मावतो. वासोट्याच्या बाबूकड्यापाशी समोच्च रेषा इतक्या खेटतात की मोजताना भिंगही अपुरे पडते.

कोयना धरणानंतर नकाशाच बदलला. जुन्या पत्रकावर जेथे नदी, शेते व गावठाणे आहेत, तेथे १:५०,००० च्या पत्रकावर शिवसागर या धरणाच्या जलाशयाचा निळा रंग आहे. बुडालेल्या तळाचा चढउतार पाहायचा तर जुने पत्रकच काढावे लागते. ते सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती प्रतिमानावर) आधारलेले आहे; जीपीएस वेगळा गोलाभ धरते. त्यावरचे अक्षांश-रेखांश जीपीएसमध्ये तसेच भरले तर जागा सरकते, आणि कड्याच्या काठी हे निष्काळजीपणाचे काम ठरते.

दक्षिणेकडे वारणेच्या खोऱ्यातही धरणाने असाच बदल झाला. तेथील चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) व कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.