नो (इंग्रजी क्रियापद)

‘नो’ हे ‘जाणणे, माहीत असणे, ओळखणे’ अशा अर्थांचे इंग्रजी क्रियापद आहे. त्याच्या लेखनातील आरंभीच्या ‘के’ या अक्षराचा उच्चार पूर्वी होत असे. आज तो लुप्त झाल्यामुळे हा शब्द नकारार्थी ‘नो’सारखाच ऐकू येतो. संस्कृत ‘ज्ञा’, त्यापासून आलेले मराठी ‘जाणणे’ आणि लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये आलेले ‘कोनोसेर’ ही सर्व एकाच इंडो-युरोपीय धातूची रूपे आहेत.

स्पॅनिशमध्ये या एका क्रियापदाचा भार मुख्यतः दोन क्रियापदे वाहतात. वस्तुस्थिती, माहिती किंवा कौशल्य यांसाठी ‘साबेर’ वापरतात, तर व्यक्ती, स्थळ, कलाकृती यांच्याशी असलेल्या परिचयासाठी ‘कोनोसेर’. पोहता येते हे सांगताना इंग्रजीत ‘कसे’ या अर्थाचा ‘हाऊ’ जोडावा लागतो. स्पॅनिशमध्ये ‘से नादार’ एवढे पुरते, म्हणजे ‘साबेर’च्या रूपापुढे थेट मूळ क्रियापद येते. ‘कोनोस्को माद्रिद’ म्हणणारा सहसा त्या शहरात जाऊन आलेला असतो; नुसते नाव ऐकलेल्याने तसे म्हणणे योग्य ठरत नाही. एखादी कविता वाचनात आली असेल तर ‘कोनोसेर’, पण ती पाठ असेल तर ‘साबेर’. मराठी भाषकाला हा भेद जड जाऊ नये, कारण ‘मला पत्ता माहीत आहे’, ‘मी त्यांना ओळखतो’ आणि ‘मला पोहता येते’ अशी विभागणी आपणही सहज करतो.

खरी कसोटी भूतकाळात लागते. साध्या (घटना घडून गेल्याचे सांगणाऱ्या) भूतकाळातील ‘सुपे’चा अर्थ बहुधा ‘मला कळले’ आणि ‘कोनोसी’चा ‘माझी पहिल्यांदा ओळख झाली’ असा होतो. आधीपासून माहिती किंवा ओळख असल्याचे सांगायचे तर ‘साबिआ’ आणि ‘कोनोसिआ’ ही अपूर्ण भूतकाळाची रूपे योजावी लागतात. इंग्रजीतील ‘न्यू’ हे भूतकाळी रूप हा फरक दाखवत नाही, म्हणून भाषांतरकाराने आधी प्रसंग तपासला पाहिजे.

‘साबेर’ ज्या लॅटिन क्रियापदातून आले, त्याचा जुना अर्थ चव असणे असा होता आणि तो अजून टिकून आहे: ‘ला सोपा साबे आ आहो’ म्हणजे सुपाला लसणाची चव आहे. ‘नो’ने असा अर्थ कधीच व्यक्त होत नाही. आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून एखाद्याला ओळखणे या अर्थी मात्र ‘रेकोनोसेर’ योग्य ठरते, आणि बोलताना मध्येच येणाऱ्या ‘यू नो’च्या जागी ‘साबेस’ हे प्रश्नार्थक रूप चालते.