प्रदेशनिहाय किंमत (डिजिटल व्हिडिओ गेम)

प्रत्येक देशातील ग्राहकाच्या ऐपतीचा अंदाज घेऊन एकाच डिजिटल गेमची किंमत देशोदेशी, बहुधा तेथील चलनात, वेगवेगळी ठेवण्याच्या पद्धतीस प्रदेशनिहाय किंमत म्हणतात. खेळणारी मंडळी सर्रास ‘रिजनल प्रायसिंग’ हाच शब्द वापरतात. चलन-रूपांतर ही तिच्याशी निगडित, पण निराळी क्रिया होय. रूपांतरात किंमत डॉलरमध्येच ठरलेली असते आणि चालू दराने तिचे रुपये होतात. प्रदेशनिहाय किंमत मात्र प्रकाशक स्वतंत्रपणे ठरवतो व विनिमय दर खालीवर झाला तरी पुढील फेरविचारापर्यंत ती बदलत नाही. बोलण्यात या दोहोंची गल्लत फार होते.

या पद्धतीचे मूळ निरनिराळ्या ठिकाणी शोधता येते. अर्थशास्त्राच्या अंगाने पाहता ती किंमतभेदाच्या सिद्धांतात बसते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी 1920 मध्ये किंमतभेदाच्या तीन श्रेणी मांडल्या. ग्राहकांचे गट पाडून प्रत्येक गटास वेगळा भाव लावणे ही त्यांतील तिसरी श्रेणी असून देश हा असाच एक गट ठरतो. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव्ह कासेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मांडलेल्या क्रयशक्ती-समतेच्या (दोन चलनांचा दर त्यांत आपापल्या देशी किती माल मिळतो यावरून ठरतो, या) कल्पनेशीही तिचा संबंध जोडता येतो. हा संबंध आकर्षक असला, तरी कासेल यांचा विषय चलनांचे विनिमय दर हा होता, एखाद्या विक्रेत्याने भाव कसा ठरवावा हा नव्हता. शिवाय समता हे सबंध देशाच्या किंमतपातळीचे माप असते, तर गेम विकत घेणारा वर्ग बहुतांशी शहरी व थोडका असतो. व्यवहारातील खरा पूर्वज मात्र पाठ्यपुस्तकांच्या धंद्यात सापडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मुंबईत फोर्टच्या पदपथांवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी अभियांत्रिकीची जुनी पुस्तके चाळणाऱ्यास, ‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशा अर्थाची ओळ मलपृष्ठावर बाळगणाऱ्या स्वस्त आवृत्त्या परिचित असतात. अशा आशियाई आवृत्त्या अमेरिकेत नेऊन विकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या बाजूने तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निकाल दिला आणि पुस्तकांभोवतीचे कुंपण तेथे मोडले. डिजिटल गेम ही विकत मिळणारी प्रत नसून खात्याला जोडलेला वापर-परवाना असतो, तो पुढे विकता येत नाही; म्हणूनच पुस्तकांभोवती न टिकलेले हे कुंपण येथे तग धरू शकले.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील (डॉ. भडकमकर मार्ग) दुकानांत गेमची डबी मिळे तेव्हा तिच्यावर आयातदाराने चिकटवलेली, सर्व करांसह कमाल किंमत असे व घासाघीस त्या आकड्याच्या खालीच चाले. 2003 मध्ये सुरू झालेल्या स्टीम या संगणकीय गेमच्या ऑनलाइन दुकानाने भारतीय ग्राहकाकडून दीर्घकाळ डॉलर घेतले; रुपयातील किमती तेथे नोव्हेंबर 2015 मध्ये आल्या. तोवरचा हिशेब असा होई : 59.99 डॉलरचा गेम, डॉलरला 66 रुपये या दराने, 3,959 रुपये; त्यावर बँकेचा परकीय चलन आकार 3.5 टक्के धरल्यास 139 रुपये. त्या आकारावरील कर वेगळा. दरही खरेदीच्या दिवसाचा लागेलच असे नसे, कारण कार्ड कंपनीकडे व्यवहाराची नोंद एकदोन दिवसांनी पक्की होते. साहजिकच पडद्यावरची रक्कम आणि कार्डाच्या बिलावरची रक्कम क्वचितच जुळे. पुढे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 2020 पासून नवी कार्डे मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात. परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करावे लागतात. रुपयातील किमतीमुळे नेट बँकिंग व यूपीआय यांची वाट मोकळी झाली. कार्ड नसलेल्या महाविद्यालयीन मुलाच्या दृष्टीने किमतीच्या सवलतीहून हा बदल कदाचित मोठा असावा.

करामुळे तुलना आणखी बिघडते. परदेशी विक्रेत्याने भारतीय ग्राहकास पुरवलेल्या डिजिटल सेवेवर डिसेंबर 2016 पासून सेवाकर व 1 जुलै 2017 पासून 18 टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. अमेरिकेतील जाहीर किंमत विक्रीकराविना असते, भारतातील बहुधा करांसह. नोव्हेंबर 2022 मध्ये ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ या गेमच्या प्लेस्टेशन 5 आवृत्तीची किंमत अमेरिकेत 69.99 डॉलर व भारतात 4,999 रुपये होती. कर वजा जाता 4,236 रुपये उरतात; डॉलर 82 रुपयांचा धरल्यास ते सुमारे 52 डॉलर होतात. म्हणजे सवलत साधारण पाव हिस्सा ठरते. करासहित आकडाच डॉलरमध्ये बदलून पाहणाऱ्यास सवलत याच्या निम्मीच दिसते.

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑक्टोबर 2022 मध्ये प्रकाशकांना प्रत्येक चलनासाठी सुचवलेल्या किमतींचा तक्ता सुधारला, तेव्हा क्रयशक्ती-समता व ग्राहक किंमत निर्देशांक विचारात घेतल्याचे सांगितले. हा तक्ता केवळ सूचनेपुरता असून अंतिम आकडा प्रकाशकच ठरवतो. काही प्रकाशक तो जसाच्या तसा उचलतात, तर काही त्याच्या बरेच वर जातात.

मोबाइलवरील गेमची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे गेम फुकट आणि आतील वस्तू विकत असतात, त्यामुळे किमान किमतीला महत्त्व येते; गूगल प्लेने भारतातील ही किमान मर्यादा 2015 मध्ये 50 रुपयांवरून 10 रुपयांवर आणली.

दोन प्रदेशांतील भाव फार दुरावले की स्वस्त प्रदेशातून खरेदी करण्याचा मोह होतो. डिसेंबर 2014 मध्ये रूबल घसरला, तेव्हा स्टीमने रशियातील खरेदी बाहेर भेट म्हणून पाठवण्यावर बंधने आणली. खात्याचा देश बदलण्यासाठी आता त्या देशातील पैसे भरण्याचे साधन लागते. युरोपात मात्र अशा कुंपणावरच आक्षेप आला. युरोपीय आयोगाने जानेवारी 2021 मध्ये व्हॉल्व्ह व पाच प्रकाशकांना मिळून 78 लाख युरोंचा दंड केला, कारण काही देशांत घेतलेल्या गेमच्या चाव्या (गेम खात्यात सुरू करण्याचे संकेतांक) युरोपीय संघातील इतर देशांत चालू दिल्या जात नव्हत्या. आर्जेंटिना व तुर्कस्तान येथे चलनाच्या अस्थैर्यामुळे नोव्हेंबर 2023 मध्ये स्टीमने पेसो व लिरा बंद करून, त्या त्या प्रदेशगटासाठी वेगळ्या ठेवलेल्या डॉलर-किमती लागू केल्या. प्रदेशनिहाय किंमत तेथे चालूच राहिली आणि रूपांतराचा भार पुन्हा ग्राहकाच्या बँकेकडे गेला.