कारखान्यातली पाटी : तीन वर्षांची मुदत कुठे गेली?

खान्देशात कामगारांच्या लिहिण्या-वाचण्याचा विषय निघाला की बोलणं लगेच हल्लीच्या कौशल्य योजनांवर जातं. गुंता त्याहून जुना आहे. अमळनेर, चाळीसगाव, धुळ्याच्या गिरण्या आणि पेठेपेठेतले कापसातली सरकी काढणारे जिन अंगठ्यावर चालले. हजेरीपट मुकादमाचा, हिशेबही त्याचाच.

१९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने यावर स्पष्ट शिफारस केली होती. मोठ्या कारखान्यांनी, व्यापारी पेढ्यांनी, कंत्राटदारांनी नोकरीला लावलेल्या माणसाला तीन वर्षांत कामापुरतं साक्षर करावं. गरज पडल्यास त्यासाठी कायदा करावा. १९६८ चं राष्ट्रीय धोरण आलं तेव्हा मुदत गेली, कायदाही गेला. उरलं ते 'शक्य तितक्या लवकर', आणि सरकारी उद्योगांनी पुढाकार घ्यावा एवढं. हंगामी जिनमध्ये माणूस तीन वर्षं टिकतोच कुठे, असं या बदलाचं समर्थन आजही ऐकू येतं. पण शिफारस मुळात मोठ्या आस्थापनांसाठीच होती. शिवाय वरणगाव-भुसावळच्या सरकारी कारखान्यांनी वाट दाखवली, तरी जळगावच्या डाळ मिलवाल्याने त्या वाटेने जावंच, असं त्या वाक्यात काही नव्हतं. आमच्या मते विषय तिथेच मालकाच्या दारातून बाहेर पडला.

'साक्षर' हा शब्दही सरळ नाही. जनगणनेत कोणत्याही भाषेत समजून वाचता-लिहिता यावं लागतं. नुसती सही चालत नाही. कारखान्यात मात्र सही आली की माणूस 'शिकेल', म्हणजे शिकलेला, धरला जातो. त्यात भाषेचा पेच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४६ च्या कायद्याप्रमाणे स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटींचे नियम, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत दाराजवळ लावावे लागत. फलक मराठीत लागायचा, खात्यात बोलणं अहिराणी, लेवा, पावरी किंवा परप्रांतीयांची हिंदी. आणि समजेल म्हणजे वाचता येईल, हे गृहीतच.

१९८८ च्या साक्षरता मोहिमेचा भर १५ ते ३५ वयोगटावर होता. २०२२ पासूनच्या कार्यक्रमात १५ च्या पुढचे सगळे आले, 'प्रौढ शिक्षण' हा शब्द गेला, परीक्षा १५० गुणांची झाली. शिकवणारे स्वयंसेवक, मालकावर बंधन नाही. औद्योगिक वसाहतीत तर मालक कोण हेच आधी ठरवावं लागतं, कारण माणूस कंत्राटदाराचा, मशीन कंपनीचं.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर कामगाराची लेखी संमती नसली तरी पगार बँकेत भरता येतो. पाकिटातल्या नोटा तो मोजून घ्यायचा. आता एटीएमपुढे कुणाला तरी पिन सांगून उभा राहतो. आणि गेटवर हजेरीच्या यंत्रावर अंगठा परत आला आहे, इंजिनीअरचासुद्धा.