ओल किती वेगाने उडते?

मे २०१२. अमेरिकेच्या कृषी खात्याने मक्याच्या विक्रमी पिकाचा अंदाज दिला होता: एकरी १६६ बुशेल, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण ४२ क्विंटल. मार्च कधी नव्हे इतका उबदार गेल्याने पेरण्याही लवकर उरकल्या होत्या. मग पावसाने पाठ फिरवली, वरून ऊन तापलं, आणि जुलै सरेपर्यंत आयोवा, नेब्रास्कातला उभा मका करपला. शेवटी एकरी सरासरी ३१ क्विंटलच हाती लागले.

दुष्काळ पावलापावलाने येतो, अशी आपली समजूत असते. हा दोन महिन्यांत आला. शास्त्रज्ञ याला ‘फ्लॅश ड्रॉट’ म्हणतात.

नुसती पावसाची तूट पाहून हा वेग कळत नाही, कारण इथे हवेची तहानही कामाला लागलेली असते. तापमान एका अंशाने वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि हवा ते माती व पानांतून ओढून घेते. म्हणून मोजायची ती जमिनीतली ओल. प्रयोगशाळेतली रीत अगदी साधी आहे: ओल्या मातीचं वजन करा, ती १०५ अंशांवर दिवसभर ओव्हनमध्ये सुकवा, पुन्हा वजन करा. जेवढं घटलं तेवढं पाणी. पण जगभरच्या शिवारांतली माती अशी कोण तोलत बसणार? ते काम २०१५पासून नासाचा ‘स्मॅप’ उपग्रह करतो. जमिनीतून आपोआप बाहेर पडणाऱ्या सूक्ष्मलहरी तो दर दोन-तीन दिवसांनी टिपतो. माती ओली असेल तर त्या क्षीण असतात, कोरडी असेल तर जोरकस. मात्र त्याला वरची पाचेक सेंटिमीटर मातीच कळते. मुळांजवळची ओल संगणकी प्रारूपांनी काढावी लागते.

आता वेग. एखाद्या ठिकाणची, वर्षाच्या त्याच दिवसांतली शंभर वर्षांची ओल रांगेत लावली, सर्वांत कोरडं वर्ष पहिलं, सर्वांत ओलं शंभरावं, अशी कल्पना करा. चाळिसाव्या क्रमांकाच्या वर असलेली माती वीसेक दिवसांत विसाव्याच्या खाली घसरली, तर तो फ्लॅश ड्रॉट. व्याख्या आणखीही आहेत, पण ही बरीच वापरली जाते. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, जगातल्या सुमारे ७४ टक्के प्रदेशांत दुष्काळांचा कल या झटपट प्रकाराकडे झुकला आहे.

आपल्याकडे तर हा दुष्काळ ऐन पावसाळ्यात गाठतो. आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांना भारतातले ८२ टक्के फ्लॅश ड्रॉट मॉन्सूनमध्येच सापडले. १९७९च्या मॉन्सूनमधल्या दुष्काळाने देशाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग व्यापला होता. २०२३चा ऑगस्ट तर देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जूनपासूनच्या पावसाची बेरीज पाहत बसलं, तर असा खंड त्या बेरजेत दडून जातो. पिकाला मात्र बेरीज कळत नाही, त्याला आजची ओल लागते. खरिपाची अंतिम पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी हिशेब, डिसेंबरात जाहीर होते. तोवर रान रिकामं झालेलं असतं. भर दुपारी सोयाबीनची पानं उलटून त्यांची पांढुरकी पाठ दिसू लागते, त्याच आठवड्यात घसरत्या ओलीचा आकडा गावापर्यंत पोचायला हवा. तेव्हा एखादं संरक्षित पाणी देऊन शेंगा वाचवता येतात.