ऑक्सिजन मशीन, व्हीलचेअर आणि मेडिकेअरची टेंडरं: या भांडणाची पार्श्वभूमी

अमेरिकेत मेडिकेअरच्या घरगुती वैद्यकीय सामानाची कंत्राटं वाटली की हमखास बोंबाबोंब होते, सप्लायर म्हणतात आम्हाला विनाकारण बाहेर काढलं, सरकार म्हणतं बघा किती पैसे वाचवले. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण भांडण दर वेळी इतकं का चिघळतं हे कळायला जरा मागे जावं लागतं.

मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांपुढच्या लोकांचा सरकारी विमा. घरी वापरायचं सामान, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, व्हीलचेअर, वॉकर, हॉस्पिटलसारखा बेड, सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावतात ते), याचे साधारण ८० टक्के पैसे मेडिकेअर देतं आणि उरलेले २० टक्के पेशंटच्या अंगावर. १९८९ पासून हे पैसे एका ठरलेल्या दरपत्रकाने द्यायला लागले आणि ते दरपत्रक बेतलेलं होतं १९८० च्या दशकात सप्लायर जी बिलं लावायचे त्यांच्यावर. बाजारात मशीन स्वस्त होत गेली पण दरपत्रक काही त्या हिशोबाने खाली आलं नाही. २००६ मध्ये आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने आकडेच मांडले: कॉन्सन्ट्रेटर विकत घ्यायला सरासरी ५८७ डॉलर, आणि मेडिकेअरच्या हिशोबात ३६ महिन्यांचं भाडं ७,२१५ डॉलर. सप्लायर म्हणाले अहो यात डिलिव्हरी आहे, सर्व्हिस आहे, रात्री मशीन बंद पडलं तर माणूस पाठवणं आहे. मुद्दा बरोबरच आहे, पण एवढा फरक त्यातून भरून निघत नाही हेही खरं.

तर १९९७ च्या कायद्यात ठरलं की आधी सप्लायरांकडूनच दराची बोली मागवून बघू. फ्लोरिडातली पोक काउंटी आणि टेक्सासमधलं सॅन अँटोनियो अशा दोन ठिकाणी १९९९ ते २००२ दरम्यान प्रयोग झाले, दर साधारण २० टक्क्यांनी उतरले, आणि मग २००३ च्या मोठ्या मेडिकेअर कायद्यात संसदेने हे देशभर करायचं ठरवून टाकलं.

त्याच कायद्यात एक कलम टाकलं गेलं, आणि माझ्या मते पुढची सगळी कटकट तिथूनच सुरू होते. कंत्राट कोणाला दिलं, दर किती ठरला, कुठला भाग निवडला, या कशावरच कोर्टात किंवा खात्याच्या अपिलात दाद मागता येणार नाही असं ते कलम. एरवी सरकारी टेंडर हरलेला माणूस कुठेतरी आव्हान देऊ शकतो, इथे तो रस्ताच बंद. म्हणून प्रत्येक हरलेला सप्लायर गेला आपल्या खासदाराकडे आणि टेंडरचे वाद संसदेत मिटायला लागले.

पहिलं उदाहरण लगेच मिळालं. १० शहरी भागांत पहिली फेरी झाली आणि १ जुलै २००८ ला कंत्राटं सुरू झाली. पण त्याआधीच आरडाओरडा चालू होता, कारण भरपूर बिड नुसत्या आर्थिक कागदपत्रांच्या कारणावरून बाद केल्या होत्या, सप्लायर म्हणत होते कागद दिलेत, सीएमएस म्हणजे मेडिकेअर चालवणारी सरकारी संस्था म्हणत होती आले नाहीत, आणि नंतर तपासल्यावर काही बिड चुकून बाद झाल्याचं निघालंही. त्याच वेळी डॉक्टरांच्या फीमधली कपात थांबवायचं एक बिल चाललं होतं, त्यात ही कंत्राटं रद्द करायचं कलम घुसवलं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी १५ जुलैला व्हेटो केला आणि त्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी तो उलथवला. दोन आठवड्यांत सगळी फेरी गुंडाळली! फुकटात नाही बरं का, बदल्यात या सामानाच्या दरात देशभर ९.५ टक्के कपात सप्लायरांनी मान्य केली. आणि पुढच्या वेळी कागद कमी असेल तर वेळेत बिड भरणाऱ्याला तसं कळवायचं, हेही त्याच कायद्याने आलं. हे आधी सुचायला काय हरकत होती कोण जाणे.

मग जानेवारी २०११ पासून ९ भागांत पुन्हा सुरुवात, सरासरी ३२ टक्के बचत. पण तोपर्यंत भांडणाचा विषय कागदांवरून बोलीच्या पद्धतीवर गेला होता. जिंकलेल्या बिडमधला मधला आकडा हा सगळ्यांचा दर. म्हणजे पाच जण जिंकले, त्यांचे आकडे ८०, ९०, १००, ११० आणि १२०, तर दर १००. ज्याने १२० लिहिले त्याने आता १०० मध्ये सामान द्यायचं किंवा कंत्राट सोडायचं. आणि बिड बंधनकारक नव्हती, त्यामुळे कोणीही ६० लिहून आपली जागा पक्की करावी, दर काय लागतो ते बघावं आणि नाही परवडला तर सही करू नये. मेरीलँड विद्यापीठातले पीटर क्रॅम्टन हे लिलावांचे अभ्यासक, त्यांच्यासकट १६० हून जास्त तज्ज्ञांनी २०१० मध्ये संसदेच्या समितीला पत्र लिहून सांगितलं की ही पद्धत टिकणारी नाही. बचतीवर कोणाचा आक्षेप नव्हता, तो आकडा खरा किती यावर होता. दुसरीकडे टेक्सासमधल्या सप्लायरांच्या संघटनेने आर्थिक निकषांवरून केस केली होती, ती २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात पडली, कारण तेच २००३ चं कलम.

जुलै २०१३ ला दुसरी फेरी, १०० भाग, सरासरी ४५ टक्के बचत, आणि पोस्टाने येणाऱ्या शुगर टेस्टच्या स्ट्रिपच्या दरात तर ७२ टक्के कपात. यात टेनेसीचा घोळ गाजला. राज्याचं लायसन्सच नसलेल्या कंपन्यांना कंत्राटं दिली होती, बाहेर राहिलेल्या स्थानिक लोकांनी ते शोधून काढलं, आणि सीएमएसला काही कंत्राटं रद्द करावी लागली. पण त्यांच्या बिडमुळे जो दर खाली आला होता तो तसाच राहिला, आणि सप्लायरांना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

२०१५ च्या कायद्यात दोन्हीवर इलाज आला: लायसन्स आधी दाखवा, आणि बिडसोबत ५० हजार ते १ लाख डॉलरचा बाँड, म्हणजे हमी, द्या, तुमची बिड ठरलेल्या दराइतकी किंवा त्याहून खाली असूनही कंत्राट नाकारलं तर बाँड जप्त. म्हणजे तज्ज्ञांचं म्हणणं पाच वर्षांनी का होईना अर्धं ऐकलं. उरलेलं अर्धं, म्हणजे मधल्या आकड्याऐवजी जिंकणाऱ्यांतल्या सगळ्यात वरच्या बिडचा दर धरायचा, हे २०१८ च्या नियमात आलं. मात्र तेवढ्यात कंत्राटं संपली आणि २०१९, २०२० ही दोन वर्षं बोलीच नव्हती.

नवीन पद्धतीची पहिली फेरी १६ प्रकारच्या सामानासाठी काढली. कोविड आल्यावर व्हेंटिलेटर वगळले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सीएमएसने जाहीर केलं की कंत्राटं फक्त पाठीच्या आणि गुडघ्याच्या तयार पट्ट्यांची देणार, बाकी १३ प्रकारांत अपेक्षित बचतच होत नाहीये. बिड भरणाऱ्यांची सगळी मेहनत वाया, तक्रार करायला जागा अर्थातच नाही. ती पट्ट्यांची कंत्राटंही २०२३ अखेरीला संपली.

२०२५ मध्ये सीएमएसने परत बोली सुरू करायचा प्रस्ताव काढला, या वेळी सतत शुगर मोजणारे सेन्सर आणि इन्सुलिन पंप हे मुख्य, घरपोच पाठवायचं सामान म्हणून. त्यामुळे कंत्राटं मोजक्या मोठ्या कंपन्यांकडे जातील अशी छोट्या सप्लायरांची ओरड लगेच सुरू झाली, आणि ती घेऊन जायला त्यांच्याकडे आजही खासदाराचंच ऑफिस आहे.