सिलोसायबिन

सिलोसायबी आणि इतर काही वंशांतील अळंब्यांत आढळणारे ट्रिप्टामीन गटातील भ्रमजनक अल्कलॉइड. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बेर्ट होफमान यांनी बाझेल (स्वित्झर्लंड) येथे १९५८ च्या सुमारास ते विलग केले.

मेक्सिकोतील नाहुआ लोक विधींत वापरत ते ‘तेओनानाकात्ल’ म्हणजे नेमके काय, यावर पूर्वी वाद होता. सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मप्रचारक बेर्नार्दिनो द साआगुन यांच्या नोंदींत ते अळंबे म्हणूनच येते. तरी १९१५ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सॅफर्ड यांनी ते वाळवलेले पेयोटे निवडुंग ठरवले. ब्लास पाब्लो रेको यांनी हरकत घेतली. १९३८–३९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्टेस यांनी मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातून अळंब्यांचे नमुने आणल्यावर सॅफर्ड यांचे मत मागे पडले. ग्वातेमालातील अळंब्याच्या आकाराच्या शिल्पांवरून काहीजण अशा अळंब्यांच्या वापराची प्रथा सुमारे दोन-अडीच हजार वर्षे मागे नेतात. शिल्पांचा उपयोगच अनिश्चित असल्याने हा पुरावा दुबळा आहे.

सिलोसायबिन हे पूर्वऔषध आहे. शरीरात अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर त्यातील फॉस्फेट गट काढते व सिलोसिन बनते, २५ मिग्रॅ. पासून फार तर १८ मिग्रॅ. सिलोसिन हे मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक द्रव्याच्या ५-एचटी२ए ग्राहींवर कार्य करते. परिणाम साधारण ४ ते ६ तास टिकतो. चिरलेले अळंबे निळे पडते तेही सिलोसिनच्या ऑक्सिडीभवनामुळे. अळंब्यागणिक प्रमाण बदलत असल्याने नैराश्यावरील उपचारांच्या अलीकडच्या चाचण्यांत सहसा संश्लेषित द्रव्यच वापरतात.

पूर्वतयारीच्या बैठका, डोळ्यांवर पट्टी बांधून संगीतासह देखरेखीखालील सत्र आणि नंतर चर्चा, असा उपचाराचा क्रम असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांना २५, १० किंवा १ मिग्रॅ. ची एकच मात्रा दिली. तीन आठवड्यांनी नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या माँटगोमेरी-आसबर्ग गुणांकात अनुक्रमे १२.०, ७.९ व ५.४ ची सरासरी घट दिसली. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकलेला प्रतिसाद मात्र २५ मिग्रॅ. गटातही सुमारे २० टक्केच होता. २०२१ मधील ५९ रुग्णांच्या चाचणीत नैराश्यावरील प्रचलित औषध एस्सिटालोप्रामशी तुलना करता मुख्य मोजपट्टीवर लक्षणीय फरक आढळला नाही.

आपल्याला कोणती मात्रा मिळाली हे रुग्णाला बहुधा तासाभरात कळतेच. त्यामुळे अपेक्षेचा वाटा वेगळा काढता येत नाही. वरील आकडे हे ध्यानात ठेवूनच वाचावेत.

डोकेदुखी, मळमळ, रक्तदाबात तात्पुरती वाढ व तीव्र भीती हे नेहमीचे त्रास. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात छिन्नमनस्कता वा द्विध्रुवी विकार असल्यास चाचणीत सहसा घेत नाहीत. लिथियमसोबत झटके येण्याचा धोका नोंदला आहे.

भारतात सिलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थ व मनःप्रभावी द्रव्ये) कायद्याच्या अनुसूचीत आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञ दुर्दम्य नैराश्यासाठी ते देऊ शकतात.