ग्रीन बिल्डिंग सर्टिफिकेट : कोल्हापुरातल्या कंत्राटदाराने खर्च कुठे धरायचा?

ग्रीन रेटिंगसाठी, म्हणजे इमारत पर्यावरणपूरक असल्याच्या सर्टिफिकेटसाठी, अर्ज मालक किंवा बिल्डर करतो. पण त्या अर्जाला लागणारे बरेचसे कागद साइटवर तयार होतात. त्यांचा खर्च टेंडरमध्ये धरला नसेल, तर तो आपल्या, म्हणजे कंत्राटदाराच्याच खिशातून जातो.

कोल्हापूर महापालिका हद्दीत २०२० ची यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, लागू आहे. आयजीबीसी, लीड आणि ग्रिहा या ग्रीन रेटिंग देणाऱ्या पद्धती. आयजीबीसी किंवा लीडचं सिल्व्हर, अथवा ग्रिहाचे तीन स्टार असतील तर मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या प्रमाणात जेवढं बांधायला परवानगी असते तो) ३ टक्के जादा मिळतो. गोल्ड किंवा चार स्टारला ५, प्लॅटिनम किंवा पाच स्टारला ७ टक्के. म्हणजे मूळ एफएसआयचं क्षेत्र २००० चौ.मी. असेल तर गोल्डला १०० चौ.मी. राजारामपुरीत एवढ्यात दोन-तीन चांगले गाळे बसतात. हा एफएसआय प्री-सर्टिफिकेशनवर, म्हणजे आराखड्यावरून आधी मिळणाऱ्या तात्पुरत्या रेटिंगवर मिळतो. भोगवटा दाखल्याच्या वेळी रेटिंग हुकलं, तर तेवढ्या एफएसआयवर रेडीरेकनरमधल्या (सरकारी दरपत्रक) जमीन दराच्या दुप्पट दंड बसतो, आणि मालक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो. सरकारी, निमसरकारी इमारतींना किमान सिल्व्हर किंवा तीन स्टार सक्तीचंच आहे.

ग्रिहाला २५०० चौ.मी.पेक्षा जास्त बांधीव क्षेत्र लागतं. त्याहून लहान इमारतींसाठी स्वग्रिहा आहे. नोंदणी, प्री-सर्टिफिकेशन, प्राथमिक सादरीकरण, शंकांची उत्तरं, मग अंतिम सादरीकरण, असा साधारण क्रम.

आपल्याकडून मागितले जाणारे कागद असे: मालाची चलनं आणि तो कुठून आला याचा पुरावा (आयजीबीसीत ४०० किमीच्या आतला माल स्थानिक धरतात), फ्लाय अॅश विटा-सिमेंट-स्टीलमध्ये पुनर्वापरित माल किती याचं कंपनीचं पत्र, लो-व्हीओसी (हवेत कमी रसायनं सोडणाऱ्या) रंगाचं सर्टिफिकेट, खोदाईतली वरची माती वेगळी साठवल्याचे तारखेसह फोटो, आणि राडारोड्याच्या प्रत्येक खेपेची वजनकाट्याची पावती.

ही शेवटची पावती सगळ्यात महागात पडते. उजळाईवाडीजवळच्या एका कामावर आम्ही चार महिन्यांचा राडारोडा भरावासाठी दिला. एक घमेलंही वाया घालवलं नाही. पण मुकादमाच्या वहीत फक्त ‘आज ३ खेपा’ अशा ओळी, त्याही जुलैच्या पावसात शाई पसरलेल्या. वजन कुठेच नव्हतं. रेटिंगमधले ते गुण गेले, आणि उलटा फिरून पुरावा तयार करता येत नाही.

म्हणून बीओक्यूमध्ये (टेंडरमधली कामांची आणि परिमाणांची यादी) वेगळी बाब मागा: नोंदी ठेवणारा माणूस, वजनकाटा, ताडपत्री, कामगारांची शौचालयं आणि पिण्याचं पाणी, रंगाच्या दरातला फरक. शाहूपुरीसारख्या दाट भागात टाकाऊ माल वेगवेगळा ठेवायला जागा भाड्याने घ्यावी लागते, तीही धरा. नोंदणी फी आणि सल्लागाराचा मोबदला मालकाकडे, हे करारात लिहून घ्या.

टेंडर भरण्याआधी प्री-सर्टिफिकेशनचा गुणतक्ता मागून घ्या. ज्या गुणांसमोर साइटचं काम आहे, त्यांची किंमत लावा, आणि दर आरए बिलाबरोबर (चालू कामाचं बिल) त्या महिन्याची फाईल देऊन पोच घ्या.